उंदीर काय सांगू शकतो? सुरतेचा प्लेग आणि प्राण्यांवरील प्रयोगांची विश्वासार्हता

सप्टेंबर १९९४. तापीच्या पुराचे पाणी ओसरून फार दिवस झाले नव्हते. सुरतेच्या दाट वस्त्यांत तीव्र ताप, खोकला आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणे असलेले रुग्ण एकाएकी दगावू लागले. प्लेगचे नाव निघाले आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या. देशभरातील मृतांचा अधिकृत आकडा पन्नासच्या थोडा वर राहिला. भीती मात्र त्याच्या कितीतरी पट पसरली. विमाने थांबली, निर्यात अडली आणि सुरतेहून आलेल्या माणसाकडे परगावी संशयाने पाहिले जाऊ लागले.

त्या दिवसांत वैद्यकाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. हा रोग खरोखर प्लेगच आहे का? तो कसा पसरतो? आणि कोणत्या औषधाने वा लसीने तो थांबेल? या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांमागे शंभर वर्षांत मारल्या गेलेल्या असंख्य उंदीर, गिनिपिग, ससे आणि माकडांचा इतिहास आहे. प्राण्यांवरील प्रयोग नैतिक आहेत का आणि ते विश्वासार्ह आहेत का, हे दोन वेगळे वाद म्हणून सहसा मांडले जातात. प्लेगचा इतिहास पाहिला तर ते एकच ठरतात. जो प्रयोग विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही, त्यात प्राण्याला दिलेल्या वेदनेचे समर्थन कोणत्याही हेतूने होत नाही.

एकाच शहराच्या दोन आठवणी

या चर्चेसाठी सुरतेइतके योग्य शहर दुसरे सापडणे कठीण. मोगल काळात पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठे बंदर असलेल्या या शहरात जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी प्राण्यांसाठी पांजरपोळ चालवले होते. १६८९ मध्ये सुरतेत आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने त्याचे वर्णन केले आहे. म्हाताऱ्या गाई, घोडे, शेळ्या यांची तेथे शुश्रूषा होई. ढेकूण आणि पिसवा यांनाही आश्रय होता आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवले जाई, असे तो लिहितो. पुढे जेम्स फोर्ब्स याने १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत याच रुग्णालयातील उंदीर आणि कीटकांच्या विभागाची नोंद केली.

युरोपीय प्रवाशांना हा प्रकार विचित्र वाटला आणि त्यांनी तो काहीशा थट्टेने लिहिला. त्यांच्या वर्णनात थोडी अतिशयोक्ती असेलही. परंतु त्यामागील भूमिका थट्टेची नव्हती. जीव लहान असला, माणसाला उपद्रवी असला, तरी त्याची वेदना हिशेबात धरली पाहिजे, ही ती भूमिका. तीनशे वर्षांनंतर त्याच शहराने उंदीर आणि पिसू यांच्या साखळीतून येणाऱ्या रोगाची दहशत अनुभवली. त्या रोगावरचे बहुतेक सारे ज्ञान उंदरांच्या आणि पिसवांच्या प्रयोगांतून आले होते. करुणा आणि गरज यांचा हा पेच सुरतेच्या इतिहासातच गुंफलेला आहे.

पहिला प्रश्न: हा प्लेगच आहे का?

१९६६ नंतर भारतात प्लेगचा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला रुग्ण आढळला नव्हता. त्यामुळे एका पिढीच्या डॉक्टरांनी हा रोग केवळ पाठ्यपुस्तकात पाहिला होता. सुरतेच्या आधी, ऑगस्ट १९९४ मध्ये, महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला होता. सुरतेचा रोग मात्र फुप्फुसाचा होता. रक्तचाचण्यांतील पुराव्यावर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली. हा प्लेग नसून दुसराच एखादा जिवाणू किंवा विषाणू असावा, असा युक्तिवाद देशात आणि परदेशातही झाला.

अशा वेळी वापरली जाणारी एक जुनी पद्धत प्राण्यांवरची आहे. रुग्णाच्या थुंकीत किंवा कुजलेल्या नमुन्यात अनेक प्रकारचे जंतू मिसळलेले असतात. असा नमुना गिनिपिगच्या केस काढलेल्या त्वचेवर चोळला, तर इतर बहुतेक जंतू त्वचेवरच अडतात. प्लेगचा जिवाणू मात्र आत शिरतो, प्राणी मरतो आणि त्याच्या प्लीहेतून शुद्ध जिवाणू मिळतो. गिनिपिगचे शरीर येथे एक प्रकारची गाळणी ठरते. हे उत्तर बऱ्यापैकी भरवशाचे असते, कारण गिनिपिगला माणसासारखा रोग होतो का हा प्रश्नच येथे नसतो. जिवाणू तेवढा वेगळा काढायचा असतो.

परंतु हेच काम आता प्राण्यावाचून होते. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजीतील शास्त्रज्ञांनी १९९४च्या साथीतील जिवाणूंची जनुकीय तपासणी केली आणि ते प्लेगचेच असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध केले. आज जनुकीय चाचणी काही तासांत होते. जे उत्तर परीक्षानळीत मिळते, त्यासाठी गिनिपिग मारणे म्हणजे केवळ सवयीचे पालन होय.

दुसरा प्रश्न: तो पसरतो कसा?

येथे प्राण्यांवरील प्रयोगाचे सर्वांत भक्कम उदाहरण सापडते आणि त्या कथेत गोव्याचाही धागा आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात आलेला रोग प्लेग असल्याचे प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे बार्देशातील हडफड्याचे. त्यांच्या निदानानंतर प्रशासनाने झडती, विलगीकरण, घरे रिकामी करणे आणि धुणे यांचा सपाटा लावला. पुण्यात त्याचे काय पडसाद उमटले, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. रोग माणसाकडून माणसाकडे, घाणीतून, जमिनीतून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. या समजुतीवर आधारलेल्या उपायांनी लोकांचा छळ झाला आणि रोग थांबला नाही.

१८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमाँ यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा परस्परांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पण पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेले उंदीर मात्र निरोगी राहिले. या निष्कर्षाची अनेक वर्षे उपेक्षा झाली. पुढे मुंबईत लिस्टन यांनी आणि १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत गिनिपिग वापरून तो पडताळला. प्लेग झालेल्या घरात जमिनीलगत ठेवलेले गिनिपिग मरत. पिसवांच्या उडीपलीकडे, उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील वाचत.

या प्रयोगांची विश्वासार्हता कशात होती? उंदीर येथे माणसाचा प्रतिनिधी म्हणून वापरलेला नव्हता. प्लेग हा मुळात उंदराचाच रोग आहे. उंदराविषयीचा प्रश्न उंदरालाच विचारला गेला, म्हणून उत्तर खरे आले. या मोजक्या प्राण्यांच्या मरणातून रोगनियंत्रणाची दिशा बदलली आणि माणसांच्या घरादारावरील धाडींऐवजी उंदीर व पिसवांवर लक्ष देण्याला शास्त्रीय आधार मिळाला.

तिसरा प्रश्न: औषध चालेल का?

खरी अडचण येथून सुरू होते, कारण आता प्राणी माणसाच्या जागी उभा केला जातो.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मारलेल्या जिवाणूंपासून प्लेगची लस बनवली आणि १८९६च्या अखेरीस ती सशांवर तपासली. ससे वाचले. परंतु माणसाला ही लस सोसेल का, हे ससा सांगू शकत नव्हता. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला मोठी मात्रा टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना झाली. कैद्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न आजचा वाचक विचारील आणि तो रास्त आहे. सशावरील प्रयोगाने माणसावरील पहिल्या प्रयोगाचा धोका कमी केला. तो प्रयोग टाळता मात्र आला नाही.

आणखी एक मर्यादा १९०२ मध्ये उघड झाली. पंजाबातील मुल्कोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. दूषित झाली होती ती एकच बाटली. सशावर कितीही प्रयोग केले असते, तरी एका विशिष्ट बाटलीत पुढे काय मिसळले जाईल, हे त्यातून कळले नसते. स्वच्छता, नोंदी आणि देखरेख यांची जागा प्राणी घेऊ शकत नाही.

सुरतेचा प्लेग फुप्फुसाचा होता आणि येथे प्रश्न आणखी कठीण होतो. फुप्फुसाचा प्लेग उपचारावाचून बहुधा प्राणघातक असतो. तो विरळा आहे, त्यामुळे रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेणे जवळजवळ अशक्य. निरोगी माणसांना मुद्दाम तो रोग देण्याचा विचारही करता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये एक विशेष नियम केला. जेथे माणसांवर परिणामकारकतेची चाचणी अनैतिक वा अशक्य असेल, तेथे प्राण्यांवरील पुराव्याच्या आधारे औषधाला मान्यता देता येते. सुरक्षितता मात्र माणसांवरच तपासावी लागते.

या नियमाखाली २०१२ मध्ये लेव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक प्लेगसाठी मंजूर झाले. आफ्रिकी ग्रीन जातीच्या माकडांना श्वासावाटे प्लेग देण्यात आला. औषध दिलेल्यांपैकी ९४ टक्के जगली आणि औषध न दिलेल्यांपैकी एकही जगले नाही. या वाक्याचा दुसरा भाग वाचताना थांबायला हवे. ती माकडे मरणारच होती आणि त्यांचे मरण हाच पुराव्याचा अर्धा भाग होता. तरीही येथे प्राण्याला विचारलेला प्रश्न बराच नेमका होता. प्रतिजैविक थेट जिवाणूला मारते आणि जिवाणू माकडात व माणसात तोच असतो. रक्तात औषधाची किती पातळी लागते, हे दोघांत मोजून ताडता येते.

लसीचे तसे नाही. लस जिवाणूला मारत नाही. ती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला शिकवते आणि ही यंत्रणा प्रत्येक प्रजातीत थोडी वेगळी असते. प्लेगच्या दोन प्रथिनांपासून बनवलेल्या आधुनिक लसीने उंदरांना फुप्फुसाच्या प्लेगपासून चांगले संरक्षण दिले. सायनोमोलगस जातीच्या माकडांनाही दिले. आफ्रिकी ग्रीन माकडांत मात्र तीच लस पुरेशी ठरली नाही. माकडांच्या दोन जातींनी दोन उत्तरे दिली. माणूस यांपैकी कोणासारखा, हे माकडांवर आणखी प्रयोग करून समजणार नाही.

फसवणारी साम्ये

असे विसंवाद इतरत्रही दिसले आहेत. पेनिसिलिनची पहिली निर्णायक चाचणी मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला आठ छोट्या पांढऱ्या उंदरांवर झाली. औषध मिळालेले चार उंदीर जगले. तेच पेनिसिलिन गिनिपिगला विषारी ठरते. आधी गिनिपिग निवडला असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आले, तेव्हा गर्भवती प्राण्यांवर ते नीट तपासलेच गेले नव्हते. हजारो मुले अवयवांत व्यंग घेऊन जन्मली. नंतरच्या तपासणीत उंदीर फारसे बाधित झाले नाहीत, पण ससे आणि माकडे झाली.

२००६ मध्ये लंडनच्या एका चाचणीत टीजीएन१४१२ नावाचे औषध सहा निरोगी तरुणांना दिले गेले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढेच ते होते. सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ज्या रेणूवर औषध काम करत होते, तो माकडांच्या विशिष्ट प्रतिकारपेशींवर नव्हताच, हे नंतर उलगडले.

माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचणाऱ्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ पुढे बाद होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याचा सारा दोष प्राण्यांवरील प्रयोगांचा नाही. अनेक प्रयोग मुळातच ढिसाळ असतात. प्राण्यांची संख्या अपुरी असते, कोणत्या प्राण्याला औषध मिळाले हे निरीक्षकाला ठाऊक असते, अपयशी निष्कर्ष प्रसिद्ध होत नाहीत. अप्रसिद्ध अपयशाची किंमत दुहेरी असते. तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा होतो आणि तितकेच प्राणी पुन्हा मरतात.

कायदा आणि पर्याय

भारताने या प्रश्नाची दखल बरीच आधी घेतली. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ज्ञानवृद्धीसाठी किंवा जीव वाचवण्यासाठी होणाऱ्या प्रयोगांना मुभा दिली, पण त्यांवर देखरेखीसाठी समितीची तरतूदही केली. लहान प्राण्याने भागत असेल तेथे मोठा प्राणी वापरू नये, वेदना होणार असेल तर भूल द्यावी, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, अशी दिशा त्या कायद्यातच आहे. प्रयोगशाळांची नोंदणी आणि नैतिक समित्यांची मंजुरी यांचे नियम १९९८ मध्ये आले. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी झाली. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारित आणि संगणकीय पद्धतींना प्राण्यांच्या चाचण्यांचा पर्याय म्हणून वाव मिळाला. अमेरिकेने असाच बदल २०२२च्या अखेरीस केला.

या साऱ्यामागे रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेले सूत्र आहे. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरावी, वापरलेच तर कमीत कमी प्राणी वापरावेत आणि त्यांना कमीत कमी वेदना होतील असे पाहावे.

पर्याय नेहमीच दुय्यम प्रतीचा असतो, हा समजही खरा नाही. टोचण्याच्या औषधांत ताप आणणारी अशुद्धी आहे का, हे पाहण्यासाठी अनेक दशके सशांना औषध टोचून त्यांचा ताप मोजला जाई. आता मानवी रक्तपेशींवर हीच तपासणी होते. युरोपीय औषधकोशाने २०२४ मध्ये सशांची चाचणी काढून टाकण्याचा निर्णय घेतला. माणसाच्या तापाविषयी माणसाच्या पेशीच अधिक खरे सांगतात. याउलट पिसूच्या चाव्यापासून गाठीपर्यंत, गाठीतून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात जाणारा रोग पेशींच्या थरावर वा संगणकात अजून पूर्णपणे उभा करता येत नाही. तेथे प्राणी नको म्हणणे म्हणजे धोका पहिल्या रुग्णाच्या माथी ढकलणे होय.

गोव्यासाठी याचा अर्थ

हा प्रश्न गोव्यापासून दूर नाही. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. प्लेगमध्ये आधी उंदीर मरून पडतात, तशी येथे आधी रानातील माकडे मरतात आणि गोचिडीमार्फत रोग काजूबागायतीत वा रानात जाणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचतो. कर्नाटकात व आसपासच्या भागांत वापरली गेलेली जुनी लस अपेक्षित संरक्षण देत नसल्याने थांबवावी लागली आणि नव्या लसीची गरज निर्माण झाली. अशी कोणतीही लस माणसाला टोचण्याआधी प्राण्यांवर तपासली जाणार.

तेव्हा विचारण्याजोगे प्रश्न सुरतेच्या इतिहासातूनच मिळतात. प्राण्याला नेमका कोणता प्रश्न विचारला जात आहे? त्याचे उत्तर देण्याची क्षमता त्या प्रजातीत आहे का? तेच उत्तर प्राण्यावाचून मिळण्याची सोय झाली आहे का? आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो जाहीर होणार आहे का? नैतिक समितीने हे चार प्रश्न कसोशीने विचारले, तर बरेच प्रयोग आपोआप गळून पडतील आणि उरलेले अधिक भरवशाचे होतील.

माकडतापात मेलेल्या माकडाची खबर वेळेवर आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला मिळाली, तर त्या परिसरातील माणसे सावध होऊ शकतात. ही माहिती रानात पडलेल्या मृत माकडाकडून मिळते, त्यासाठी नवे माकड मारावे लागत नाही. सत्तरीच्या गावांत असे माकड दिसल्यास त्याला हात न लावता कळवणे, हे आज कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच उपयोगाचे काम आहे.